रवळूचा खांदा

१

१९७९ साल, वैशाख. महिना लागून चार दिवस झाले होते. वळीव पडला नव्हता. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक त्या दिवशी निघणार होती आणि मी कॅमेऱ्यात रोल भरत होतो.

खडेबाजारला लागून एका बोळात माझा स्टुडिओ होता. माझी शाळा चौथीपर्यंत. पण रात्रीचा फोटो हातावर काढणारा बेळगावात मी एकटा होतो. हे दुसरे फोटोग्राफर म्हणत. मला म्हणायची गरज नव्हती.

अंधारात भिंगाचं दार जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात हात हलला की फोटो फरपटतो. म्हणून लोक तीन पायांचा स्टँड लावतात. मी लावत नसे. मिरवणुकीत माणसाला दोन पाय टेकायला जागा मिळत नाही, तिथे तीन पाय कुठे टेकणार? फ्लॅशही वापरत नसे. फ्लॅशनं माणसाचं तोंड पिठात बुडवल्यासारखं येतं. गॅसबत्तीच्या उजेडात रथावरचे मावळे भाले धरून तासन्‌तास उभे असतात, त्यांच्या गालावरचा घाम दिसला पाहिजे. तो फक्त हातावर दिसतो.

गुंडू फोटोग्राफर निपाणीहून दरवर्षी यायचा. कापड दुकानाच्या माडीवर त्याचा स्टँड असायचा. त्या दिवशी तो आधी माझ्याकडे आला.

"मष्णूअण्णा, औंदा तरी वर या. दुसरा स्टँड आणलाय मी."

"तुझ्या फोटूत खडेबाजार दिसतोय. माणसं कुटं हाईत? चालत्या माणसाचा नुसता धूर."

"धूर तर धूर. पाटी वाचता येतीय बगा दुकानाची."

"पाट्या वाचाय लोक फोटू घेत्यात व्हय?"

गुंडू हसला. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, खरं सांगू? तुमचा हात हलत नव्हता हे खोटं. खांदा हलत नव्हता. खांदा गेला आता."

मी रोल फिरवून झाकण लावलं.

२

खांदा रवळूचा.

रवळू येळ्ळूरचा. तालमीतला गडी, रुंद पाठीचा. कुस्त्या करून उजवा कान मोडून गाठीसारखा झाला होता. १९७१ च्या मिरवणुकीत गर्दीचा लोंढा माझ्यावर आला तेव्हा हा मध्ये उभा राहिला. लोंढा दोन बाजूंनी निघून गेला. मी त्याच्या पाठीमागून कॅमेरा त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि फोटो काढला. तो फोटो माझ्या स्टुडिओच्या काचेत पुढे कितीतरी वर्षं होता.

तेव्हापासून दरवर्षी तो यायचा. माझा कॅमेरा डोळ्याला लावायचा नव्हे, वरून खाली काचेत बघायचा. खांद्यावर तो पेटीसारखा नीट बसे. रवळू जरा वाकून मान डावीकडे कलती करायचा. मी म्हणायचो, "हलू नको." तो श्वास धरायचा, मी पण धरायचो. बटन दाबून झालं की मी "बस्स" म्हणायचो आणि दोघं श्वास सोडायचो. त्या सगळ्या वर्षांत मिरवणुकीत आमचं बोलणं ह्या दोन गोष्टींच्या पलीकडे गेलं नाही.

मजुरी घेत नसे. म्हणायचा, "माझा एक फोटू काढून द्या अण्णा, आईसाठनं. घरात एक बी न्हाय."

"बस की स्टुलावर. आत्ता काढतो."

"ह्या अवतारात? घाम बगा. फुडल्या खेपंला फेटा बांधून येतो."

पुढच्या खेपेला पण घामच असायचा. मी शब्द दिला होता, तो शब्द उभा होता. गेल्या मार्गशीर्षात काविळीनं रवळू गेला.

फाल्गुनात त्याची आई आली. नागुबाई. येळ्ळूरहून चालत आली होती. स्टुडिओच्या दारात उभी राहून तिनं मला हुडकायला सगळी मान फिरवली. नंतर कळलं, तिला समोरचं तेवढंच दिसायचं. कडेचं दिसत नव्हतं.

"डाक्टर काचबिंदू म्हणतोय," ती म्हणाली. "दिवाळीपातूर दिसंल, फुडचं सांगता येत न्हाय. तेचं तोंड एकदा बगून घेतो म्हटलं. तुमच्याकडं एकतरी फोटू असंल की."

"हुडकतो आक्का."

तिनं काखेतली पिशवी सोडली. आत घडी घातलेला फेटा होता. "असल त्या फोटूवर रंगानं ह्यो फेटा चढवा. तेची लई हौस हुती."

असे फेटे मी पुष्कळांना रंगवून चढवले होते. गेलेल्या माणसाला कोट सुद्धा चढवत असू. पण त्याला आधी माणूस लागतो. मी सगळ्या निगेटिव्ह दिव्यापुढे धरून बघितल्या. हजारो माणसं होती. रवळू नव्हता. तो कायम भिंगाच्या खाली होता.

फेटा मी खुंटीला लावून ठेवला.

३

तर वैशाखातली ती मिरवणूक. खडेबाजारात एका दुकानाच्या खांबाला पाठ लावली. कोपरं बरगड्यांत रुतवली. पहिला रथ समोर आला, गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बायका दोन्ही बाजूंनी चालत होत्या. मी श्वास धरला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "हलू नको."

कॅमेरा हलका झाला.

मी कुठल्याही गोष्टीला लगेच नाव देत नाही. उकाडा होता, खांबाचा आधार होता, हात माझा होता. संबंध रोल मी तसाच काढला. इतका स्थिर हात मला त्याआधी कधी लागला नव्हता. माडीवरून गुंडू हात हलवत होता, त्याला मी मान सुद्धा डोलावली नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारखोलीत रोल धुतला. तांबडा दिवा, हायपोच्या रसायनाचा वास, नळाचं ठिबकणं. ती खोली मला माझ्या घरापेक्षा ओळखीची.

सगळा रोल हलला होता.

थोडा नव्हे. रथ, मावळे, बत्त्या, दुकानं, सगळं डावीकडे आणि जरा खाली फरपटलेलं. नवशिक्या पोरानं काढल्यासारखं. मी कागदावर छापून बघितलं. पहिला फोटो तसाच. दुसराही तसाच, पण डाव्या कडेला काहीतरी फरपटलं नव्हतं. एक गोल, गाठीसारखी वस्तू. कडा ब्लेडनं कापल्यासारख्या स्वच्छ.

तिसऱ्या फोटोत त्या गाठीखाली मान होती.

पुढे खांदा आला. मग सदऱ्याची शिवण. शेवटच्या फोटोत संबंध पाठ होती, मधोमध, रथाला झाकून. पाठमोरा माणूस, मान डावीकडे कललेली. सदऱ्याचं सूत मोजता आलं असतं.

मी स्टुलावर बसलो आणि हिशोबानं विचार केला. कुणीतरी मध्ये आलं असेल. आलं असेल तर तेही हललं पाहिजे. एकाच कागदावर हात हलतो आणि हलत नाही, असं होत नाही. शिवाय फोकस लांबच्या रथावर होता. हाताच्या अंतरावरचा माणूस इतका स्पष्ट येत नाही. मग एकच राहिलं. माझा हात जसा आणि जेवढा हलला, तसा आणि तेवढाच तो माणूस हलला असला पाहिजे. आम्ही दोघं एकमेकांना स्थिर होतो. खडेबाजार हलला होता.

मी आणखी एक कागद लावला. उजेड देताना मोजायची सवय होती. मोजून झालं आणि मी म्हणालो, "बस्स."

खोलीत कुणीतरी श्वास सोडला.

नळ ठिबकत होता. मी कागद पाण्यात टाकला आणि काम पुरं केलं. अर्धं काम टाकून मी कधी उठलो नाही.

४

ज्येष्ठात गुंडू कागद खरेदीला आला. मी त्याच्यापुढे फोटो ठेवले. त्यानं वरचे दोन-तीन बघितले आणि त्याला हसू आवरेना.

"अण्णा, ही काय चैन? वाऱ्यात वाळत घाटलेली धुणी हाईत का मिरवणूक?"

"शेवटचा बग."

तो हसायचा थांबला नाही. "कुणीतरी पाठ करून हुबा ऱ्हायलाय म्होरं. हातावर काढला की असंच. मी स्टँडवाला बरा. आडवं कोण आलं तर धूर हुतोय तेचा."

"मग लाव तुझा स्टँड. हितं. आत्ता."

त्यानं माझ्या स्टुडिओतच स्टँड उभा केला. दिवेलागणीची वेळ होती. पडद्यापुढे रिकामं स्टूल, वर एक बल्ब. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला. बटनाला तार लावली म्हणजे बोट सुद्धा लागायला नको. तार गुंडूच्या हातात. मी भिंतीपाशी हात पाठीमागे बांधून उभा.

"स्टुलाला सांगा हलू नको म्हणून," गुंडू म्हणाला.

मी सांगितलं. "हलू नको."

गुंडूनं भिंगाचं दार उघडं धरलं आणि सोडलं. मी "बस्स" म्हणालो नाही.

रोल तिथेच धुतला. गुंडू माझ्या शेजारी उभा होता. फोटो वर आला तसा तो वाकून बघायला लागला. पडद्याच्या घड्या स्वच्छ, स्टुलाचे खिळे स्वच्छ. स्टुलापुढे माणसाच्या उंचीचा एक धुराचा पट्टा होता. डावीकडे आणि जरा खाली ओढलेला.

ती ओढ मी ओळखली. माणूस आपली सही ओळखतो तशी. ती माझ्या हाताची होती. माझे हात त्या वेळी पाठीमागे होते.

स्टँडवर खोली स्थिर आणि तो हलतो. हातावर तो स्थिर आणि खोली हलते. ह्यापेक्षा जास्त मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

"मांजर बिंजर गेलं आसंल," गुंडू म्हणाला.

"एवढं उंच?"

त्यानं टोपी उचलली. निपाणीची गाडी सुटायला वेळ होता तरी तो निघाला. दारातून मागे न बघता म्हणाला, "स्टँड ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, अण्णा. मला दुसरा हाय."

५

पावसाळा सुरू झाला. गिऱ्हाईक कमी. मी स्टुडिओ वेळेवर उघडत होतो आणि वेळेवर बंद करत होतो. भ्यायचं असतं तर खोली बदलली असती.

पण काही गोष्टी होत होत्या. पासपोर्टचा फोटो काढताना गिऱ्हाइकाला "हलू नका" म्हटलं की माझ्या पुढ्यात, कॅमेऱ्याच्या अलीकडे, फळी दबल्यासारखा आवाज यायचा. "बस्स" म्हटलं की फळी सुटायची. एकदा बेळगुंदीची एक म्हातारी फोटोला बसली होती. ती म्हणाली, "तेनला जरा बाजूला सरकाय सांगा की, मला तुमी दिसंना." मी विचारलं, कुणाला. ती म्हणाली, "काय न्हाय, काढा."

खुंटीवरचा फेटा तसाच होता.

भाद्रपदात येळ्ळूरचा एक दूधवाला निरोप घेऊन आला. "नागुबाईनं इचारलंय, गावला काय फोटू? तिला आता ताटातलं बी नीट दिसंना. भाकरीच्या शेजारी आमटी हाय ती हातानं चाचपतीय."

"दिवाळीआधी देतो म्हणून सांग," मी म्हणालो.

दूधवाला गेल्यावर मला माझंच आश्चर्य वाटलं. काय देणार होतो मी? पाठ? आईला पोराची पाठ देता येत नाही.

ती दुपार मी त्या शेवटच्या फोटोपुढे बसून काढली. रवळू इतका पुढे आला होता. कानापासून सुरुवात करून एकेक फोटोगणिक पाऊल टाकत तो भिंगाच्या मधोमध येऊन उभा राहिला होता, त्याला फोटोतच यायचं होतं. मग तोंड का दाखवत नव्हता? आळशी गडी नव्हता तो. सांगितलेलं ऐकायचा. सांगितलेलं तेवढंच करायचा.

तेव्हा मला समजलं. आठ वर्षं मी त्याला एकच सांगत आलो होतो.

६

आश्विनातली दिवेलागण. दसरा होऊन गेला होता. बोळात कुणाच्या तरी दारात आकाशकंदिलाच्या कामट्या तासत होते, त्याचा आवाज येत होता. मी दार आतून लावलं नाही. कडी काढून ठेवली.

एक बल्ब लावला. खुंटीवरचा फेटा काढून घडीसकट स्टुलावर ठेवला. गुंडूचा स्टँड कोपऱ्यात मिटून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. हे काम हाताचं होतं. स्टँडवर तो धूर झाला असता.

कॅमेरा हातात घेतला. कोपरं बरगड्यांत. मान खाली करून काचेत बघायला लागलो. ह्या कॅमेऱ्याच्या काचेत उजवं डावीकडे दिसतं. पडदा, स्टूल, फेटा. एवढंच होतं.

"हलू नको," मी म्हणालो.

फळी दबली. कॅमेरा हलका झाला. खालून काहीतरी त्याला लागलं, उबदार, टणक. काचेत पुढे पाठ आली आणि स्टूल झाकलं गेलं. सदरा तोच.

कामट्या तासायचा आवाज थांबला होता. मी श्वास धरला नव्हता. बोलायचं होतं.

"रवळू," मी म्हणालो. "वळ."

काही झालं नाही. पाठ तशीच. मला वाटलं, ह्याला ते समजत नसेल. मी कधी सांगितलंच नव्हतं.

"तुझी आई येळ्ळूरला दारात बसलीया. तिला उद्या दिसायचं न्हाय. वळ रं."

कॅमेऱ्याखालचा आधार निघून गेला. पेटी एकदम जड झाली, हात खाली गेला, मी सावरला. काचेत पाठ हलायला लागली. फार हळू वळत होता. आधी कान आला. मग तो कान कडेला गेला.

फेटा स्टुलावर नव्हता. माणसाच्या उंचीवर होता.

माझ्या मनगटांवर ऊब लागली, कुणी जवळून श्वास सोडल्यासारखी. मान वर केली असती तर काचेशिवाय बघता आलं असतं. मी केली नाही. काचेत सुद्धा मी फक्त फेट्याचा काठ बघून फोकस जुळवला. हात थरथरत होता. थरथरू दिला. मला माहीत होतं, तोही तेवढाच थरथरत असणार.

बटन दाबलं.

"बस्स," मी म्हणालो.

एवढा लांब सोडलेला श्वास मी ऐकला नव्हता. बोळात परत कामट्या तासू लागले.

मान वर केली तेव्हा फेटा स्टुलावर होता. त्याची घडी मोडली होती. तो बांधलेला होता.

७

रोल त्याच वेळी धुतला. कागद लावला, मोजला, पाण्यात सोडला. आधी फेटा उमटला. स्वच्छ. मग कान, उजवा. त्याच्याभोवती पडदा, स्टूल, भिंत, सगळं डावीकडे आणि जरा खाली फरपटलेलं. मग कपाळ. भुवया यायच्या आत मी चिमट्यानं कागद पालथा केला आणि तसाच पालथा पुरा केला.

भ्यायलो असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ते तोंड त्याच्या आईचं होतं, माझं नव्हतं.

सकाळी खाकी कागदात गुंडाळून येळ्ळूरला गेलो. फेटा बरोबर घेतला, बांधलेला, जसा होता तसा. येळ्ळूरच्या गडावर धुकं होतं. रताळ्याच्या शेतात बायका काढणीला वाकल्या होत्या. माझ्यामागून कुणी चालत आहे असं मला दोनदा वाटलं. मी वळून बघितलं नाही. पावलं तालमीतल्या माणसाची होती, टाच आधी टेकणारी.

नागुबाई उंबऱ्यावर बसली होती. चाहूल लागताच तिनं सगळी मान फिरवून मला समोर घेतलं.

"कोण, मष्णूअण्णा?"

"व्हय आक्का. फोटू आणलाय."

"रंग लावून?"

"रंग लागला न्हाय."

तिनं हात पुढे केला. मी पुडकं दिलं. तिनं खाकी कागद सोडला आणि फोटो डोळ्यांच्या अगदी समोर धरला. मी तिच्याकडे बघत होतो, फोटोकडे नाही.

"तुमी बगिटला?"

"न्हाय."

ती अंगठा फोटोवर ठेवून हळूहळू खाली आणत होती. कपाळ, नाक, ओठ असेल.

"घर सगळं हललंय," ती म्हणाली. "ह्योच तेवढा थांबलाय."

"व्हय."

"हसाय लागलाय का वो ह्यो?"

मी काय सांगणार? "तुमीच बगा आक्का."

तिनं परत बघितलं. मग फोटो मांडीवर ठेवला. तिची मान हळूहळू फिरली, माझ्या तोंडावरून माझ्या उजव्या खांद्यापाशी, आणि खांद्याच्या जरा वर जाऊन थांबली. तिला कडेचं दिसत नव्हतं. ती जिथे मान नेई तेच बघत असे.

मी हललो नाही.

"लई उभा ऱ्हायलास," ती तिकडे बघून म्हणाली. "ये. आत ये."

उंबऱ्यावर ती जरा बाजूला सरकली, एक माणूस जाईल एवढी. माझ्या हातातला फेटा हलका झाला. बघतो तर हात रिकामा होता.

नागुबाईनं मान माझ्याकडे वळवली.

"फिटलं, अण्णा," ती म्हणाली.